कळलं म्हणणाऱ्याने सांगायचं

मंदाकाकू,

तुमच्यावर चार शब्द लिहून दे, असं तुमची भाची मला म्हणाली तेव्हा तिला बिचारीला कल्पना नव्हती की आपण कुणाला लिहायला सांगतोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हिला पाकिटावर पत्ता लिहायला सांगितलास तर पत्र तुलाच परत येईल." म्हणून मी लिहीत नाहीये, बोलते आहे. ओट्याशी उभी राहून फोनला सांगते आहे आणि तो टिपून घेतो आहे. नंतर माझी मुलगी शुद्धलेखन तपासेल. तिला बजावलंय, ऱ्हस्व-दीर्घ बघ, वाक्यांना हात लावू नकोस. लेखनिकाने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे तुमच्यामुळे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्हाला जाऊन अजून आठवडासुद्धा झाला नाही. तुमचं वय, शिक्षण, नोकरी हे सगळं बाकीचे सांगतील. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तसंच टाकून तुम्ही निघून गेलात. हे तुम्हाला शोभलं नाही, काकू.

पण सुरुवातीपासून सांगते. मधूनच सांगितलं की तुम्ही 'नाही कळलं' म्हणायला मोकळ्या.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाल्ली होती. कॉम्प्युटरला प्रवेश घेतला होता, कारण त्या काळात सगळं पुणं कॉम्प्युटरच्या मागे लागलं होतं. गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमधला मुलगा अमेरिकेला गेला होता. प्रात्यक्षिकात मी पुढे, तोंडी परीक्षेत पुढे आणि लेखी पेपरात साफ आडवी. वाचायला बसले की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात निसटलेली असायची. लिहायला बसले की डोक्यात दहा वाक्यं आणि कागदावर दीड. शाळेत आई मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकून पाठ करायची, त्यावर निभावलं. इंजिनिअरिंगची पुस्तकं आईला वाचता येईनात, तिथे माझी गाडी थांबली. शेवटी एका प्राध्यापकांनी तुमचं नाव सांगितलं आणि बाबा मला घेऊन सदाशिव पेठेत तुमच्या दुसऱ्या मजल्यावर आले.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. यवतमाळ सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण घाबरले की बोली परत यायची. "बाई, पोरगी हुशार आहे माही," ते म्हणाले, "पण पेपर हाती आला का तिले काय होते, तेच समजत नाही."

तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलंत. "परीक्षेला आपण बसणार आहात का?"

"मी? नाही जी."

"मग आपण खाली थांबा. मला हिच्याशी बोलायचंय."

कारखान्यात साहेबांशी हुज्जत घालणारे माझे बाबा मुकाट्याने जिना उतरून गेले. मला तुमचा राग आला होता, हे तुम्हाला नंतर कधीतरी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "यायलाच हवा होता. वडिलांना कुणी असं बोललं तर राग न येणारी मुलगी मी शिकवली नसती."

तुम्ही मला काही वाचायला लावलं नाहीत. त्याचीच मला भीती होती. तुम्ही विचारलंत, काल कॉलेजात काय शिकवलं ते मला सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा नीट सांग. मी सांगितलं. "नाही कळलं. परत सांग." परत सांगितलं. "नाही कळलं." तिसऱ्यांदा मी वैतागून, पुस्तकातले सगळे शब्द सोडून, पोस्टातल्या रांगेचं उदाहरण घेऊन सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "कळलं." आणि मग तुम्ही तेच सगळं मला तुमच्या शब्दांत परत सांगितलंत. कळलं म्हणणाऱ्याने सांगायचं, हा तुमच्याकडचा नियम. तो माझ्यासाठी होता तसा तुमच्यासाठीही होता. खोटं 'कळलं' तुमच्या घरात चालत नसे.

ही सवय तुम्हाला नोकरीनं लावली होती. तुम्ही टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतात, ट्रंक कॉल जोडून द्यायचात. समोरच्यानं नंबर सांगितला की तो त्याला परत म्हणून दाखवायचा, मगच जोडायचा. पुढे घरोघरी एसटीडी आलं, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ झाले, तुमच्या बोर्डासमोरच्या खुर्च्या कमी होत गेल्या आणि तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेतलीत. "यंत्रानं माझी खुर्ची घेतली, आणि तू तेच यंत्र शिकायला माझ्या दारात आलीस," असं तुम्ही मला चिडवायचात. पण खुर्ची गेल्याचं रडगाणं तुम्ही कधी गायला नाहीत. तुमचा धाकटा भाऊ घरातले सगळे रेडिओ उघडून परत जोडायचा आणि तरी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास होऊन घरी बसला. सगळे त्याला 'ढ' म्हणाले. डिस्लेक्सिया हा शब्द तुमच्या कानावर आला तेव्हा तो या जगात नव्हता. तुम्ही निवृत्तीनंतर रीतसर प्रशिक्षण घेतलंत आणि ठरवलंत, फक्त कॉलेजातली मुलं घ्यायची. "लहान मुलांकडे बघणारे आता निघालेत. मिशा फुटलेल्यांना कोण विचारतंय?"

आणि एका वेळी एकच. आम्हाला एकत्र बसवा, तुमचाही वेळ वाचेल, असं कुणी सुचवलं की तुमचं उत्तर ठरलेलं होतं: "एका लाइनवर एकच माणूस." माझा वार शनिवार होता. सोमवारी अमेय नावाचा माझ्याच वर्षाचा, दुसऱ्या कॉलेजातला मुलगा येतो, एवढं मला माहीत होतं. त्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून तुम्ही आमच्यासाठी किती हेलपाटे घातलेत! बाकीच्या मुलांवर अन्याय होईल म्हणणाऱ्या एका साहेबांना तुम्ही विचारलंत, "आपला चष्मा बाकीच्यांवर अन्याय करतो का हो?" परवानगी मिळाल्यावर तुम्ही मला सांगायला शिकवलंत, कारण लेखनिकाला सांगणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. सरावाला तुम्हीच लेखनिक व्हायचात आणि तोंडातून पडेल ते सगळं लिहायचात. मग सरळ चेहऱ्यानं वाचून दाखवायचात: "अं, थांबा हां, काय बरं ते, डेडलॉक म्हणजे, नाही नाही, खोडा." मी हसून लोळायची. तुम्ही हसायचा नाहीत. "लेखनिक वाक्य सुधारत नाही, शुभांगी. तू बोलशील तेच कागदावर जाईल."

आणि कॅसेट. पुस्तकातले धडे तुम्ही आमच्यासाठी टेपवर वाचून ठेवायचात. एकही शब्द कळत नसताना, ऑपरेटरच्या त्या स्वच्छ आवाजात, अडखळवणारा शब्द आला की 'डी फॉर दिल्ली' करत सगळी अक्षरं सांगत. मागे कुकरच्या शिट्ट्या, खाली भंगारवाल्याची आरोळी. मी एकदा डोकं दुखतं म्हणून तक्रार केली होती. तेव्हापासून टेपची बाजू संपत आली की त्याच सुरात तुम्ही म्हणायचात, "बाजू बदल. पाणी पी." खडकीच्या आमच्या खोलीत मी त्या कॅसेट इतक्या ऐकल्या की भंगारवाला केव्हा ओरडणार हेसुद्धा मला पाठ झालं.

शेवटच्या वर्षाच्या पेपरात डेडलॉकवर प्रश्न आला. मी डोळे मिटले आणि तुमचा आवाज सुरू झाला. मी तो फक्त पुढे चालवत होते, आणि अकरावीतली एक गरीब मुलगी ते भराभर लिहून घेत होती. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि कळू नये म्हणूनच ती नेमलेली होती. कॅसेटची बाजू त्या धड्याच्या मध्येच संपत होती. इंग्रजी उत्तराच्या मधोमध, माझ्या सांगण्यावरून, त्या मुलीनं देवनागरीत लिहिलं: बाजू बदल. पाणी पी.

एवढंच असतं तर तपासणारा हसला असता आणि विसरला असता. पण दुसऱ्या केंद्रावर, दुसऱ्या लेखनिकाला, त्याच कॅसेटवर अभ्यास केलेल्या अमेयनंही तेच सांगितलं होतं. त्याचा लेखनिक जरा सभ्य होता. त्यानं त्याचं इंग्रजी करून टाकलं.

निकाल राखून ठेवला गेला आणि आम्हा दोघांना चौकशीचं बोलावणं आलं. दोन उत्तरं शब्दशः सारखी, आणि मध्ये एकच चमत्कारिक सूचना. कॉपी कशी केली, कुणी कुणाला इशारा दिला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला निवडलं होतं, पण पदवी हातात असेल तर. बाबांचे अख्ख्या क्वार्टरमध्ये पेढे वाटून झाले होते. पदवी गेली तर मी पुन्हा परीक्षेला बसणार नव्हते, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तुमच्या भावाच्या वाटेनं मीही जाईन, ही भीती तुमच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली.

समितीच्या खोलीबाहेर बाकावर एक उंच मुलगा बसला होता. मी विचारलं, "तू अमेय का?" तो म्हणाला, "सोमवार. तू शनिवार?" एकमेकांची कॉपी केल्याचा ठपका असलेली आम्ही दोघं तिथे पहिल्यांदा भेटलो.

आणि मग जिन्यावरून तुम्ही आलात, एका हातात पिशवी आणि एका हातात टेपरेकॉर्डर. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. शिपायानं अडवलं, तर तुम्ही त्याला म्हणालात, "बाळ, मला इथे प्लग कुठे आहे ते दाखव," आणि तो दाखवायला तुमच्याबरोबर आत गेला.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी कॅसेटमधली बाई."

तुम्ही बटण दाबलंत. त्या गंभीर खोलीत तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर वाजला. भंगारवाला ओरडला. डेडलॉकची व्याख्या सावकाश पुढे सरकत राहिली आणि शेवटी तुमचा आवाज आला, "बाजू बदल. पाणी पी." एक सर मान खाली घालून हसायला लागले. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे कॉपी नाही, घोकंपट्टी आहे."

"घोकंपट्टीला बंदी असेल तर आपल्याला विद्यापीठ रिकामं करावं लागेल," तुम्ही म्हणालात. "या मुलांना विषय येतो की नाही, हे बघायचंय ना? मग विचारा. लिहायला लावू नका, नुसतं विचारा."

तेवढ्यात चहा आला होता. तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हतात. मी अध्यक्षांच्या समोरचा कप उचलून हसणाऱ्या सरांना दिला आणि बशी तिसऱ्या सरांना. म्हटलं, सर, तुम्हा दोघांनाही कप आणि बशी दोन्ही हवंय. तुमच्याकडे कप आहे, बशी मिळेपर्यंत तुम्ही तो सोडणार नाही. त्यांच्याकडे बशी आहे, कप मिळेपर्यंत ते ती सोडणार नाहीत. चहा गार होईल, पण दोघंही हलणार नाहीत. हे डेडलॉक.

"आणि ते होऊ नये म्हणून?" अध्यक्षांनी विचारलं.

म्हटलं, सगळ्यांना एकच क्रम लावून द्यायचा. आधी कप मागायचा, तो मिळाला तरच बशीला हात लावायचा. ज्याला कप मिळाला नाही तो रिकाम्या हातानं थांबेल. मग बशी अडकवून बसणारा कुणी उरत नाही.

अमेयला त्यांनी दुसरं काहीतरी विचारलं, तोही बोलला. अध्यक्षांनी आपला गार चहा परत घेतला. आम्ही सुटलो.

आता इथे आपलं भांडण सुरू होतं.

मला वाटलं होतं, जिन्यावर तुम्ही मला जवळ घ्याल. तुम्ही चार पायऱ्या उतरलात आणि म्हणालात, "समितीनं सोडलं. मी सोडलेलं नाही. तू पेपरात माझं बोलणं ओकलीस. आत बोललीस ते पेपरात का नाही बोललीस?" मी रडायला लागले. तुमचेही डोळे भरले होते, तरी तुम्ही थांबला नाहीत. "मी तुझा पोपट केला. चूक माझी आहे." सगळ्या कॅसेट तुम्ही परत मागवल्यात. पुढच्या मुलांना कधी एकही दिली नाहीत.

काकू, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्या कॅसेट म्हणजे माझ्यासाठी उघडलेलं पहिलं पुस्तक होतं. इतरांना पान उलटून मागे जाता येतं, मला बटण दाबून मागे जाता यायला लागलं. पाठ झालं म्हणून तर ते माझ्या हाताशी होतं, आणि हाताशी होतं म्हणून कपबशीपर्यंत पोचलं. तुम्ही म्हणायचात, "पाठ झालं की माणूस विचार करायचा थांबतो." मी म्हणायची, "माझा तिथून सुरू होतो." इतकी वर्षं आपण दोघी आपापली बाजू धरून बसलो आणि कुणी हललं नाही.

बसमध्ये बसल्यावर तुम्ही एकदम म्हणालात, "ते क्रमाचं मला नाही कळलं."

"काय नाही कळलं?"

"क्रम लावला की अडकत का नाहीत? परत सांग."

मी शिवाजीनगर येईपर्यंत सांगत होते. तुम्हाला कळलं नाही. पुढच्या दिवाळीला फराळाला आले तेव्हा परत विचारलंत. मग मी कधी बोळात समोरासमोर आलेल्या स्कूटरी घेतल्या, कधी बादली आणि मोरी, कधी लग्नातलं सभागृह आणि गुरुजी. नोकरी लागली, लग्न झालं, हिंजवडीला ऑफिस गेलं, टीम हाताखाली आली. तुमचं आपलं "नाही कळलं". बाकी सगळं तुम्हाला कळायचं आणि तुम्ही मला ते घडघड परत सांगायचात. एवढं एकच नाही. मला संशय होता की तुम्हाला ते त्या बसमध्येच कळलं होतं. पण त्या एका 'कळलं'साठी मी जितकी झटले तितकी पदवीसाठीही झटले नाही. आणि झटता झटता मी काय झाले बघा. आज मीटिंगमध्ये कुणी मोठमोठे शब्द टाकले की मी म्हणते, "नाही कळलं, परत सांगा." माझी टीम मला मागून 'परत सांगा मॅडम' म्हणते. मला ते ऐकू येतं आणि बरं वाटतं. जिथे जिथे मी काम केलं, तिथे तुमची ती लाइन मी जोडून ठेवली आहे, याचा मला अभिमान आहे. तुमचा तर इतका आहे की तो तुम्हाला तोंडावर सांगायची कधी हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "पाठ करून आलीस का?"

गेल्या रविवारी मी आले तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून होतात. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तसेच स्वच्छ. म्हणालात, "क्रमाचं सांग." मी या वेळी काही उदाहरण घेतलं नाही. नुसतं बोलले. सगळे एकाच दिशेनं पुढे मागत गेले, तर सगळ्यांत पुढे पोचलेल्याला अडवणारा कुणी नसतो. त्याचं काम होतं, तो सगळं सोडून देतो, मग त्याच्या मागच्याचं होतं. असं करत सगळे सुटतात.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग म्हणालात, "कळलं."

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. मी म्हटलं, "असं नाही चालणार. काय कळलं ते सांगा बघू."

तुम्ही हसलात. "आता दमले. शनिवारी ये, सांगते." मंगळवारी भाचीचा फोन आला.

उद्या शनिवार आहे, काकू. तुमच्याकडे सध्या येणारी मुलगी, ती नगरची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाची, तिची परीक्षा तोंडावर आलीय. भाची तिला येऊ नकोस सांगणार होती. मी म्हटलं, येऊ दे तिला, मी बसेन. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा माझ्याहून योग्य माणूस मिळणार नाही. आणि हो, तिच्यासाठी दोन धडे मी तिच्या फोनवर बोलून पाठवले आहेत. एकेक ओळीवर बोट ठेवत, अडखळत वाचले. दोन रात्री लागल्या. मध्ये पाणी पी म्हणून सांगितलंय. तुम्ही चिडाल, माहीत आहे. चिडा.

ती गेली की मी तुमच्या पलंगाशी थोडा वेळ बसणार आहे. ते 'कळलं' खरं होतं, की मला सोडून देण्यासाठी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खोटं 'कळलं' म्हणालात, ते मला ऐकायचं आहे. नियम तुमचाच आहे, काकू. कळलं म्हणणाऱ्याने सांगायचं.